कडूसचे रामभाऊ म्हाळगी : मतदाराला हिशेब देणारा आमदार

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी कधी घाई करत नाही. आधी लांबून पाहतो. मग जवळ जाऊन दात बघतो, खूर बघतो, पाठीवर हात फिरवतो, दहा पावलं चालवून बघतो. व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतो, तरी हा मान हलवत नाही. बरोबर आणलेल्या जाणत्या माणसाकडे एकदा बघतो आणि मगच इसार देतो. एवढी पारख करून घेतलेला बैल चार-सहा वर्षं दावणीला राहतो. पाच वर्षांसाठी आपण मुंबईला माणूस पाठवतो, तो मात्र तिथं जाऊन काय करतो हे बघायला आपल्यापैकी कोणी जात नाही.

कोणत्याही पारावर विचारून पाहा. आमदारानं काय केलं, असं विचारलं की रस्ता, सभामंडप, पाण्याची टाकी, चौकातला दिवा अशी उत्तरं येतील. गेल्या अधिवेशनात शेतजमिनीसंबंधी कोणतं विधेयक आलं, आपला आमदार त्यावर बोलला का आणि मत कुठल्या बाजूला दिलं, हे विचारलं की पारावर शांतता पसरते. यात गावकऱ्यांचा दोष थोडा. सांगायला यावं कोणी?

स्वतःहून सांगायला येणारा एक आमदार आपल्या शेजारच्या खेड तालुक्यात जन्मला होता. रामचंद्र काशिनाथ म्हाळगी हे त्यांचं पूर्ण नाव, लोकांच्या तोंडी रामभाऊ. आपण वर्षभर विधिमंडळात काय काम केलं याचा अहवाल छापून तो मतदारांपुढे ठेवायचा, ही त्यांची रीत होती. कुठल्या कायद्यानं ती त्यांच्यावर लादलेली नव्हती. आज त्यांचं नाव घेतलं की बहुतेकांना त्यांचा पक्ष आठवतो किंवा त्यांच्या नावाची संस्था आठवते. शेतकऱ्यांनी आणि ग्रामपंचायतीत काम करणाऱ्यांनी त्यांची ही रीतच लक्षात ठेवावी, म्हणून हा लेख.

रामभाऊंचा जन्म ९ जुलै १९२१ रोजी कडूसला झाला. बेल्ह्याहून निघालं तर आळेफाटा, नारायणगाव, मंचर करत राजगुरुनगर गाठायचं आणि तिथून पश्चिमेला वळायचं, की कडूस. वारकऱ्यांना हे गाव वेगळ्या कारणानं ठाऊक आहे. तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक आणि त्यांचे अभंग उतरवून घेणारे गंगाराम मवाळ याच गावचे. बोललेलं वाऱ्यावर जाऊ द्यायचं नाही, कागदावर धरून ठेवायचं, ही सवय त्या गावच्या मातीतच असावी असं म्हणावंसं वाटतं. अर्थात हे आपलं उगीच. कडूसची सगळीच माणसं काही अहवाल लिहीत बसत नाहीत.

घर ब्राह्मणाचं, काळ स्वातंत्र्यलढ्याचा. शिक्षणासाठी रामभाऊ पुण्यात आले, एम.ए. आणि एलएल.बी. झाले. तरुणपणीच राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कामात पडले आणि काही वर्षं प्रचारक म्हणून घराबाहेर राहिले. १९५१ साली भारतीय जनसंघ स्थापन झाला, तेव्हा महाराष्ट्रात त्याची बांधणी करणाऱ्या पहिल्या फळीत ते होते. हा पक्ष त्या काळी आपल्याकडे अगदी लहान. ग्रामीण भागात तर त्याला शेटजी-भटजींचा पक्ष म्हणून हिणवलं जाई. शेतकरी समाजात त्याला पाय रोवायला जागा नव्हती. अशा पक्षाच्या माणसाला मावळच्या भातशेती करणाऱ्यांनी निवडून दिलं, ही गोष्ट नवलाचीच. ती घडली त्या वर्षामुळं.

ते वर्ष १९५७. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीनं सगळा पश्चिम महाराष्ट्र पेटला होता. मुंबई, गुजरात, विदर्भ, मराठवाडा असं सगळं एकत्र बांधून केलेलं द्वैभाषिक राज्य मराठी माणसाला मान्य नव्हतं. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, रिपब्लिकन विचाराचे लोक, हिंदुसभा, जनसंघ असे एरवी एकमेकांची तोंडं न बघणारे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली आले. पुणे जिल्ह्यातही समितीची लाट होती. मावळमधून समितीच्या पाठिंब्यावर रामभाऊ निवडून आले. द्वैभाषिक मुंबई राज्याच्या त्या विधानसभेत ३९६ जागा होत्या आणि त्यात जनसंघाचे चार. समितीच्या बाकांवर एस. एम. जोशी, आचार्य अत्रे अशी वजनदार माणसं बसलेली, समोर मुख्यमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण. पस्तिशीतला हा वकील त्या गर्दीत सहज हरवून गेला असता.

मावळ म्हणजे डोंगराचा, धुवाधार पावसाचा तालुका. इंद्रायणी आणि पवना इथून वाहत खाली जातात. पाऊस पडतो तो उताराला लागतो आणि उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर घागर भरायला मैलभर चालावं लागे. टाटांच्या वीज धरणांसाठी जमिनी गेलेली गावं याच भागातली. पुणे-मुंबई रेल्वे मधोमध जाते. त्यामुळं मुंबई जवळ असूनही मुंबईतलं सरकार दूर, अशी या तालुक्याची अवस्था होती. त्या वेळी अधिवेशन भरे ते मुंबईत रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये. नरिमन पॉइंटचं आजचं विधान भवन फार नंतरचं, १९८१ चं. मंत्रालयालाही तेव्हा सचिवालय म्हणत.

त्या पाच वर्षांत सभागृहापुढं काय काय आलं याची नुसती आठवण केली तरी आजच्या आपल्या गावगाड्याचा पायाच दिसतो. १ एप्रिल १९५७ हा कुळ कायद्यातला कृषक दिन. त्या दिवसापासून कसेल त्याची जमीन हे तत्त्व अमलात यायला लागलं, म्हणजे रामभाऊ आमदार झाले ते नेमके त्याच सुमारास. पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीचा कायदा आला. १९६० साली राज्याच्या पुनर्रचनेचं विधेयक राष्ट्रपतींनी विधानसभेकडे मत मागवायला पाठवलं आणि १ मे रोजी महाराष्ट्र झाला. त्याच वर्षीचा सहकारी संस्थांचा कायदा, ज्याच्या चौकटीत आपली सोसायटी आणि कारखाना चालतो. १९६१ साली जमीन धारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा. १९६१ चाच जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कायदा, त्याप्रमाणे १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पाच वर्षांत एवढं काम पुढं क्वचितच एका विधानसभेनं केलं असेल.

गावातल्या माणसाला यातलं काय कळलं? सीलिंगचंच घ्या. मूळ कायद्यात बारमाही पाण्याखालच्या जमिनीला १८ एकर आणि कोरडवाहूला भागाप्रमाणे ६६ ते १२६ एकर अशी मर्यादा होती. म्हणजे आपल्या आणे पठारावरच्या दहा-वीस एकरवाल्याला त्याची काही झळ नव्हती. पण सरकार जमिनी काढून घेणार एवढंच कानावर आलं की दहा एकरवालाही घाबरतो आणि भावाभावांत घाईनं वाटण्या करून बसतो. कायद्यात काय लिहिलंय हे शांतपणे समजावून सांगणारा माणूस गावात नसेल तर कायद्याच्या आधी अफवा पोचते. तलाठी सांगेल ते खरं, कोर्टात जाणारा सांगेल ते त्याहून खरं. आमदारानं मतदारांना कळवत राहायचं ते या कामासाठी.

आता ग्रामपंचायतीच्या कायद्याकडे जरा थांबून बघू. १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, ज्याच्या नावात पुढं मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं, तो आजही चालू आहे. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना त्यातलं कलम ७ आणि ८ पाठ असेल. आर्थिक वर्ष सुरू झालं की दोन महिन्यांच्या आत पहिली ग्रामसभा घ्यायची. तिच्यापुढं वर्षाचा जमाखर्च ठेवायचा, गेल्या वर्षीच्या कारभाराचा अहवाल ठेवायचा, यंदा काय कामं करणार ते सांगायचं, आणि लेखापरीक्षणाची शेवटची टिप्पणी व तिला दिलेली उत्तरंही ठेवायची. ठरलेल्या ग्रामसभा सबळ कारणाशिवाय घेतल्या नाहीत तर सरपंचाच्या पदावर गदा येते. दोन-चारशे उंबऱ्यांच्या गावच्या सरपंचाला कायद्यानं इतकं करकचून बांधलं आहे.

हा कायदा मंजूर करणाऱ्या आमदारांनी स्वतःसाठी मात्र असं एकही कलम केलं नाही. आमदारानं वर्षातून एकदा तालुक्याच्या गावी मतदारांना बोलवावं, सभागृहात किती दिवस बसलो, काय विचारलं, कशाच्या बाजूनं मत दिलं हे वाचून दाखवावं, असं कुठं लिहिलेलं नाही. तेव्हा नव्हतं, आजही नाही. सरपंचावर बंधन आणि आमदार मोकळा. ज्या सभागृहानं हा कायदा केला त्यात बसलेल्या रामभाऊंनी सरपंचाला लावलेला नियम आपणहून स्वतःला लावून घेतला, असं त्यांच्या अहवालाकडे बघून म्हणता येईल.

यातली खरी अडचण कळायची तर सभागृहात मत कसं देतात हे माहीत असावं लागतं. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव होतो तेव्हा प्रोसिडिंगला सूचकाचं नाव येतं, अनुमोदकाचं नाव येतं, विरोध असेल तर तोही लिहिला जातो. दहा वर्षांनी कोणी दप्तर मागितलं तरी कोण कुठल्या बाजूला होता ते सापडतं. विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष विधेयक मताला टाकतात. बाजूचे सदस्य होय म्हणतात, विरोधातले नाही म्हणतात. आवाजाचा अंदाज घेऊन अध्यक्ष निकाल देतात आणि विधेयक पुढं सरकतं. कोणा सदस्यानं मतविभागणी मागितली तर मतं मोजली जातात आणि नावं नोंदवली जातात, पण तसं क्वचित होतं. अधिवेशन संपत आलं की एकेका दिवसात पाच-सात विधेयकं हातावेगळी होतात. तेव्हा आपला आमदार होय म्हणाला, नाही म्हणाला, की चहा प्यायला बाहेर गेला होता, हे सरकारी कागदातून तुम्हाला कळायचा मार्ग फार थोड्या वेळा असतो. त्यानं स्वतः सांगितलं तरच कळणार.

१९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आला आणि पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते, अशी तजवीज झाली. त्यामुळं आजचा आमदार आपलं मत पक्षानं ठरवलं असं म्हणून सुटू शकतो. रामभाऊंच्या हयातीत हा कायदा नव्हता. दिलेल्या मताची जबाबदारी तेव्हा ज्याची त्यालाच घ्यावी लागे.

चार जणांच्या पक्षाच्या आमदाराकडे मंजूर करून दाखवण्यासारखं फार काही नसतं. बहुमत दुसऱ्याचं, खजिना दुसऱ्याचा. त्या काळी आमदार निधी, खासदार निधी हा प्रकारही नव्हता. खासदारांचा निधी तर १९९३ साली सुरू झाला. म्हणजे पाटी लावून नारळ फोडायची सोय नाही. विरोधी आमदाराजवळ उरतो प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. त्याशिवाय अर्धा तास चर्चा, कपात सूचना, विधेयकावरच्या दुरुस्त्या, अशासकीय विधेयकं आणि ठराव ही हत्यारं. रामभाऊ वकील होते आणि नियमांचं पुस्तक त्यांनी नीट वाचलेलं होतं. या हत्यारांचा वापर कसा करायचा हे त्यांच्याकडून शिकावं, अशी त्यांची विधिमंडळात ख्याती झाली.

एका प्रश्नात काय ताकद असते ते आपल्या वाचकांपैकी सरकारी कचेरीत काम करणाऱ्यांना सांगायला नको. एल.ए.क्यू. आला म्हटलं की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे खुर्चीत सरळ बसतात. आमदार मुंबईत एक चिठ्ठी देतो. ती खात्याकडे जाते, खात्याकडून कलेक्टरकडे, तिथून तहसीलला, मग तलाठ्याच्या दप्तरात. किती खातेदार, किती क्षेत्र, मोबदला किती दिला आणि किती बाकी, ही माहिती त्याच्या दप्तरातून निघते आणि उलट्या वाटेनं मंत्र्याच्या हातात जाते. वर्षानुवर्षं धूळ खात पडलेलं प्रकरण त्या निमित्तानं निदान उघडलं तरी जातं. काम होईलच असं नाही. पण ते का झालं नाही याचं उत्तर सरकारला छापील कागदावर द्यावं लागतं, आणि तो कागद शेतकऱ्याच्या हाती आला तर पुढं भांडायला आधार होतो.

रामभाऊंच्या वार्षिक अहवालाचं मोल इथं होतं. सभागृहात केलेलं काम, विचारलेले प्रश्न, लोकांशी केलेला पत्रव्यवहार यांचा तो हिशेब असे. आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. काम होणारं असो वा नसो, कळवायचं. कामासाठी वणवण केलेला कोणीही सांगेल, नकाराचं पत्रसुद्धा माणसाला सोडवतं. उत्तरच न येणं हे सगळ्यात वाईट.

याची दुसरी बाजूही आहे. अहवाल लिहिणारा आणि काम करणारा एकच. ग्रामपंचायतीचा हिशेब तपासायला लेखापरीक्षक येतो. आमदारानं स्वतःबद्दल लिहिलेलं तपासायला कोण येणार? स्वतःचं कोणी उणं लिहीत नाही. शिवाय त्या काळी मावळच्या वाड्यावस्त्यांवर वाचता येणारे किती होते? छापील पुस्तिका शाळामास्तर किंवा पोस्टमन वाचून दाखवील तेव्हा कळणार. तरीही आकडा एकदा छापून दिला की तो खोडून काढायची संधी विरोधकाला मिळते. तोंडी भाषणात तसं नसतं. पुढच्या सभेत ते बदलता येतं.

चांगलं काम केलं की लोक पुन्हा निवडून देतातच, असंही नाही. महाराष्ट्र मिळाला, समितीतले पक्ष आपापल्या वाटेनं गेले आणि १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसनं राज्य झाडून नेलं. २६४ पैकी २१५ जागा तिच्या. जनसंघाचा एकही आमदार आला नाही आणि मावळही त्यांच्या हातून गेलं. पाच वर्षं रामभाऊ सभागृहाबाहेर राहिले. त्यानंतर त्यांनी मावळचा डोंगर सोडून पुणे शहर धरलं. १९६७ आणि १९७२ अशा दोन्ही वेळा ते शुक्रवार पेठेतून निवडून आले. ही जागा १९५७ साली एस. एम. जोशींनी जिंकलेली. शहरातला मतदार शिकलेला, वर्तमानपत्र वाचणारा. त्यामुळं त्यांची अहवालाची पद्धत तिथं अधिक रुजली यात आश्चर्य नाही. खेड्यातल्या माणसाला वाईट वाटावं अशी ही गोष्ट आहे, पण ती तशीच घडली.

१९७२ च्या विधानसभेतही जनसंघाचे पाचच जण होते. ते वर्ष दुष्काळाचं. बेल्हे, आणे, पारनेरच्या बाजूला ज्यांनी तेव्हा खडी फोडली, सुकडी खाल्ली, ती माणसं आज थोडी उरली असतील. रोजगार हमीची सुरुवात त्याच काळात झाली आणि तिचा कायदा पुढं १९७७ साली विधिमंडळानं केला. सीलिंग आणखी खाली आणण्याचा कायदाही याच विधानसभेनं केला.

मग आली आणीबाणी. जून १९७५ मध्ये देशभर विरोधी पक्षांच्या लोकांना मिसा कायद्याखाली उचललं. खटला नाही, जामीन नाही, सुटकेची तारीख नाही. रामभाऊ येरवड्याच्या तुरुंगात गेले. आमदारकी गेली नव्हती, पण आमदाराला सभागृहात जायला बंदी. २ ऑक्टोबर १९७५ पासून सीलिंगची नवी मर्यादा लागू झाली आणि कोरडवाहूला ५४ एकरांवर आली. राज्यातल्या शेतजमिनीचा एवढा मोठा फेरबदल अमलात येत होता तेव्हा त्यावर सरकारला प्रश्न विचारू शकणारे कितीतरी लोकप्रतिनिधी गजाआड होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला. गावात बातमी पोचायची ती नसबंदीच्या मोहिमेची, आणि तीसुद्धा कुजबुजत.

रामभाऊंनी तिथंही काम सोडलं नाही. तुरुंगातून त्यांनी विधानसभेसाठी प्रश्न लिहून पाठवले. सभागृहात हात वर करता येत नाही, उपप्रश्न विचारता येत नाही, पण अर्ज पाठवता येतो एवढा धागा त्यांनी हातात धरून ठेवला. कैदी म्हणून आलेल्या माणसानं आपण अजून लोकांचे प्रतिनिधी आहोत हे विसरायचं नाही ठरवलं होतं. त्या दिवसांत ही गोष्ट फार थोड्यांना सुचली.

१९७७ च्या मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक झाली आणि जनता पक्षाचे उमेदवार म्हणून रामभाऊ ठाण्यातून निवडून गेले. माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात भाजी आणि कांदा नेणाऱ्या आपल्या जुन्नरकरांना हा भाग परका नाही. कल्याण त्याच मतदारसंघात होतं. आपला आमदार आता दिल्लीला गेला खरा, पण तोच गडी तिथंही वही घेऊन बसला. ज्या मिसाखाली त्यांना आत टाकलं होतं तो कायदा १९७८ साली रद्द झाला तेव्हा ते लोकसभेचे सदस्य होते. त्याच वर्षी संसदेनं ४४ वी घटनादुरुस्ती केली. अंतर्गत अशांततेच्या नावाखाली पुन्हा आणीबाणी आणता येऊ नये, त्यासाठी सशस्त्र बंडाळीच असली पाहिजे, अशी दुरुस्ती त्यात होती. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला तोही याच दुरुस्तीनं. धरणाला, रस्त्याला, एमआयडीसीला जमीन देणाऱ्या शेतकऱ्यानं ही दुसरी गोष्ट माहीत करून घ्यावी. तेव्हा आणीबाणी गेली या आनंदात तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. जमिनीवरचा हक्क कायद्यानं राहिला, मूलभूत म्हणून राहिला नाही. भूसंपादनाच्या कोर्टकज्ज्यात शेतकऱ्याला हा फरक कळतो, तोवर उशीर झालेला असतो.

जनता सरकार आपसांतल्या भांडणानं कोसळलं. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत इंदिरा गांधी परत आल्या आणि महाराष्ट्रात विरोधकांचा जवळजवळ धुव्वा उडाला. त्या पडझडीतही ठाण्यातून रामभाऊ दुसऱ्यांदा निवडून आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतीय जनता पक्ष स्थापन झाला आणि ते त्यात गेले. एव्हाना त्यांचं विधिमंडळातलं आणि संसदेतलं काम मिळून पंधरा वर्षांवर झालं होतं. त्यातली फार थोडी वर्षं त्यांचा पक्ष सत्तेत होता. मंत्रिपद त्यांना कधी मिळालं नाही.

कर्करोगानं त्यांना गाठलं. ६ मार्च १९८२ रोजी त्यांचं निधन झालं तेव्हा वय साठ. सातव्या लोकसभेची जवळजवळ तीन वर्षं अजून बाकी होती. त्याच वर्षी त्यांच्या नावानं प्रबोधिनी निघाली. लोकप्रतिनिधींना, नगरसेवकांना, सरपंचांना कामाचं शिक्षण द्यायचं असा तिचा हेतू, आणि भाईंदरजवळ उत्तनला तिचं केंद्र उभं राहिलं. सभागृहात प्रश्न कसा विचारावा, अंदाजपत्रक कसं वाचावं हे तिथं शिकवतात. पक्ष कोणताही असो, पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्याला हे कुठंतरी शिकावंच लागतं.

आता विधिमंडळाचं कामकाज मोबाइलवर थेट दिसतं. आमदारांचे फोटो आणि भाषणांचे तुकडे रोज येतात. त्यात ते आवेशानं बोलताना दिसतात, पण विधेयक मताला पडलं तेव्हा ते कुठं होते हे त्या तुकड्यांतून कळत नाही. एखाद्या आमदारानं छापील कार्यअहवाल काढला तर गुळगुळीत कागदावर रंगीत फोटो असतात, निधीच्या रकमा असतात, भूमिपूजनांच्या तारखा असतात. प्रश्नांचं आणि मतांचं पान त्यात बहुतेक वेळा नसतं.

एप्रिल-मे महिन्यांत गावोगाव वर्षातली पहिली ग्रामसभा भरेल. ग्रामसेवक जमाखर्च वाचतील, मागच्या वर्षीचा अहवाल वाचतील, कोणीतरी मागच्या बाकावरून पाइपलाइनच्या बिलाचं विचारील आणि सरपंचाला उत्तर द्यावं लागेल. त्या सभेत आयत्या वेळच्या विषयात गावाला एक ठराव मांडता येईल. आपल्या आमदारानं गेल्या वर्षात विचारलेले प्रश्न, त्यांना मिळालेली उत्तरं आणि महत्त्वाच्या विधेयकांवर दिलेलं मत लेखी कळवावं, अशी विनंती करणारा. सूचक, अनुमोदक यांची नावं घालायची, ठराव क्रमांक टाकायचा आणि आमदारांच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवायचा. पोचपावती दप्तरात लावून ठेवायची.